मे महिन्यातला ताडोबा

ताडोबाला जायचं तर मे महिन्यात, असं चंद्रपूरकडचा कुणीही सांगेल. पाणवठ्यावर थांबा, वाघ येतोच. तो का येतो हे तिथे गेल्यावर कळतं.

चंद्रपुरात पारा ४५ च्या वर गेला तर त्याची बातमीही होत नाही. २०१९ च्या मे अखेरीस तो ४८ अंशांना टेकला होता. दुपारी मोहर्ली गेटातून आमची जिप्सी आत शिरली तेव्हा गरम वाऱ्याने डोळे चुरचुरत होते. सागाला पान नाही, बांबू वाळून पिवळा. सावली काय ती नाल्याकाठच्या जांभळांची.

पाणवठ्यावर वाघीण आली. काठाशी थांबली, वळली आणि शेपटीकडून, एकेक पाय मागे टाकत पाण्यात उतरली. कमरेपर्यंत बुडाली, मग मानेपर्यंत. जीभ बाहेर, धाप चालूच. वाघाला घाम येतो तो फक्त तळपायांना. त्यामुळे धापा टाकणं आणि पाण्यात बसणं हेच मुख्य उपाय त्याच्या हाती.

"तिले तोंडावर पाणी नाही चालत, सर," गाईड कुजबुजला. "आता ऊन उतरल्याशिवाय उठत नाही ती."

आमच्या आजूबाजूच्या जिप्स्यांत कॅमेऱ्यांचा नुसता खडखडाट. मी मात्र पलीकडच्या झाडीत उभा असलेला चितळांचा कळप बघत होतो. तहानलेली जनावरं, समोर पाणी आणि पाण्यात वाघीण. एका मादीने खुर आपटला, थोडी पुढे आली, परत फिरली. बराच वेळ असं चाललं आणि शेवटी कळप कोरडाच निघून गेला. एक मोर चोच उघडी टाकून उभा होता, गळ्याची कातडी भराभर थरथरत होती. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात, गळ्यातली वाफ बाहेर टाकून ते अंग थंड ठेवतात. त्यात अंगातलं पाणी खर्ची पडतं, म्हणजे पुन्हा पाण्याशीच यायचं!

वनखात्याने ठिकठिकाणी सौरपंपांवर चालणारे पाणवठे केलेत. ते नसते तर हाल झाले असते, यात वाद नाही. पण नैसर्गिक झरे आटले की सगळं जंगल त्या मोजक्या खड्ड्यांभोवती गोळा होतं. शिकार, शिकारी, रोगराई आणि आम्ही पर्यटक, सगळे एकाच जागी. 'सायटिंग' चांगलं झालं म्हणून आपण खूश होतो ते या कोंडीवर, हे मला तरी पचलं नाही.

परतताना ड्रायव्हर विड्यांसाठी तोडतात त्या तेंदूपत्त्याच्या हंगामाबद्दल बोलत होता. त्याच्या घरची माणसं उन्हाआधी पानं तोडून व्हावीत म्हणून उजाडायच्या आत जंगलात जातात. वाघही दिवसा पडून राहतो आणि गारव्याला, पहाटे-संध्याकाळी फिरतो. ऊन जितकं वाढतं तितकी दोघांची वेळ एकच होत जाते. जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावांत माणसं मारली गेल्याच्या बातम्या याच दिवसांत का वाढतात, ते त्याने वेगळं समजावायची गरज नव्हती. "टोळीनेच जातो, आवाज करत," तो म्हणाला. "पण पान तोडताना माणूस वाकतोच ना, सर. वाघाले तो जनावरच वाटतो."