बॉयलरमधली आग ओढून काढणारी माणसं

मागच्या नोव्हेंबरात एक दिवस सुट्टी काढून हॅम्बुर्गहून कील या जर्मनीतल्या बंदराच्या शहराला जाऊन आलो. स्टेशनातून बाहेर पडलं की जो चौक लागतो त्याचं नाव ‘प्लाट्झ डेअर कीलर माट्रोझन’, म्हणजे कीलच्या खलाशांचा चौक. चौकांना राजे, सेनापती, पुढारी यांची नावं असतात हे आपण लहानपणापासून बघत आलोय, पण बंड केलेल्या साध्या खलाशांचं नाव, तेही एकाचं नाही सगळ्यांचं मिळून, हे वाचून मी बॅग खांद्यावर तशीच ठेवून तिथे उभा राहिलो.

यामागे घरचं एक कारण आहे. माझे पणजोबा रत्नागिरीकडचे, गोऱ्यांच्या बोटीवर आगवाले होते. आगवाला म्हणजे बोटीच्या तळाशी, उजेड नाही वारा नाही अशा जागी फावड्याने बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा माणूस. आजी सांगायची की त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते आणि तिथे केस कधी उगवलेच नाहीत. त्यामुळे जर्मनीतली १९१८ ची राज्यक्रांती बोटीवरच्या आगवाल्यांपासून सुरू झाली हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्याच माणसांबद्दल वाचतोय असं वाटलं.

झालं असं की २९ सप्टेंबर १९१८ ला जर्मन लष्कराचा खरा कर्ताकरविता जनरल लुडेनडॉर्फ याने कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, सांगितलं, युद्ध हरलोय, ताबडतोब तह मागा. आणि त्याचबरोबर दुसरी गोष्ट सांगितली, आता सरकार पार्लमेंटवाल्यांच्या हातात द्या. चार वर्षं त्याच लोकांना जवळ फिरकू दिलं नव्हतं, घरी बायका बटाटे संपले म्हणून गुरांना घालायचे ते सलगम उकडून पोरांना घालत होत्या (१९१६-१७ च्या हिवाळ्याचं नावच तिथे ‘सलगमांचा हिवाळा’ पडलंय), तेव्हा कोणाला विचारलं नाही, आणि हरल्याच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा बरोबर यांची आठवण झाली. मला ही गोष्ट जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा चीड येते.

नवं सरकार आलं, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष विल्सनशी तहाची बोलणी सुरू झाली. आणि इकडे आरमाराच्या अधिकाऱ्यांनी सरकारला पत्ता न लागू देता ठरवलं की अख्खा ताफा बाहेर काढायचा आणि इंग्रजांशी शेवटची लढाई द्यायची. कशासाठी, तर आरमाराची इज्जत राहावी म्हणून! तह तोंडावर आलेला, घरी जायची आशा लागलेली, आणि हजारो पोरांना बुडवायला न्यायचं. २९-३० ऑक्टोबरच्या रात्री विल्हेल्म्सहाफेन या आरमारी बंदराच्या बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या ‘थ्युरिंगेन’ आणि ‘हेल्गोलांट’ या युद्धनौकांवर लोकांनी काम बंद केलं आणि खाली आगवाल्यांनी बॉयलरमधली आग बाहेर ओढली. वाफ नाही म्हणजे बोट नाही, वर ॲडमिरल असो नाहीतर कैसर असो. पणजोबांचं काम माहीत असल्यामुळे मला ते डोळ्यांसमोर दिसतं, लांब दांड्याच्या आकड्याने लालभडक निखारे लोखंडी जमिनीवर ओढायचे, पायाशी ढीग, तोंडावर झळ, आणि बाहेर दुसऱ्या बोटींच्या तोफा आपल्यावर रोखलेल्या.

त्यांना याची शिक्षा काय होते हे चांगलं माहीत होतं. वर्षभरापूर्वीच जेवणावरून आणि युद्धाला कंटाळून खलाशांनी डोकं वर काढलं होतं तेव्हा ५ सप्टेंबर १९१७ ला दोघांना गोळ्या घालून मारलं होतं, माक्स राइशपीच आणि आल्बिन क्योबिस. एक बावीस वर्षांचा, एक चोवीस. क्योबिस आगवालाच होता.

शेकडो लोक पकडले गेले आणि ताफ्याचा एक भाग कीलला पाठवला, ही साहेबांची मोठी चूक, कारण कीलमध्ये गोदीचे कामगार होते आणि तेही पिचलेलेच होते. ३ नोव्हेंबरला पकडलेल्यांना सोडा म्हणून मोर्चा निघाला, ‘शांती आणि भाकरी’ ही मागणी, त्यावर गोळीबार झाला, ७ मेले, २९ जखमी. दुसऱ्या दिवशी शहर खलाशांच्या आणि कामगारांच्या ताब्यात.

त्यांच्या १४ मागण्या आहेत, जरूर वाचा. राजकीय कैदी सोडा, पत्रं उघडून वाचणं बंद करा, ताफा कुठल्याही परिस्थितीत बाहेर काढू नका, वरिष्ठांनी नीट वागवावं, आणि ड्यूटी संपल्यावर कोणी कोणाचा साहेब नाही. ही शेवटची वाचून मला आमच्या तळाशी राबलेल्या सगळ्या माणसांची आठवण आली.

पुढचं भराभर झालं. ७ नोव्हेंबरला म्युनिकमधून बव्हेरिया या जर्मन राज्याचा राजा पळाला, त्याच्या घराण्याचं तिथे सातशेहून जास्त वर्षं राज्य होतं. ९ तारखेला बर्लिनमध्ये चॅन्सेलरने कैसरची वाट न बघता परस्पर जाहीर केलं की कैसरने गादी सोडली, त्याच दुपारी समाजवादी पुढारी शाइडमानने राइशटागच्या, म्हणजे पार्लमेंटच्या, खिडकीतून प्रजासत्ताक झाल्याचं सांगून टाकलं आणि दोनेक तासांनी जास्त जहाल असलेल्या लिबक्नेश्तने राजवाड्यावरून वेगळंच, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. कैसर दुसऱ्या दिवशी हॉलंडला. तीन दिवसांत बायकांना मताचा हक्क जाहीर झाला, जानेवारी १९१९ च्या निवडणुकीत ३७ बायका निवडून आल्या. त्याच जानेवारीत लिबक्नेश्त आणि त्याची साथीदार रोझा लुक्झेम्बुर्ग यांना मारलंही, तो रक्तपात वेगळाच लिहावा लागेल.

पण मला बोलायचंय ते सहीबद्दल. ११ नोव्हेंबरला पहाटे फ्रान्समधल्या कोंपिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात युद्ध थांबवायच्या तहावर जर्मनीतर्फे पहिली सही कोणी केली, तर माथियास एर्झबेर्गर, साधा शाळामास्तर राहिलेला राजकारणी, ज्याचा मुलगा काही आठवड्यांपूर्वीच फ्लूने गेला होता. लुडेनडॉर्फ तोवर नोकरीतून गेलेला, पुढे वेष पालटून स्वीडनला पळाला. आणि वर्षभरात हेच सेनापती सांगायला लागले की आम्ही हरलो नव्हतो, घरातल्यांनीच पाठीत खंजीर खुपसला. खंजीर कोणाचा, तर या आगवाल्यांचा आणि एर्झबेर्गरचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते इथे अक्षरशः झालं, २६ ऑगस्ट १९२१ ला एर्झबेर्गर ब्लॅक फॉरेस्टमध्ये फिरायला गेलेला असताना त्याला गोळ्या घालून मारलं. आणि त्या खंजिराच्या खोट्या गोष्टीवर पुढे कोण वाढलं ते सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडे दुसरं महायुद्ध संपल्यावर फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ तळावर खलाशांच्या बंडाची सुरुवात झाली तीही खराब जेवणावरून, आणि तिथेही मागण्यांमध्ये कैदी सोडा हे होतंच, आझाद हिंद सेनेचे. त्यातल्या ज्यांना काढून टाकलं त्यांना स्वातंत्र्यानंतर नौदलाने परत घेतलं नाही. कुलाब्यात त्यांचं स्मारक आहे, पण मुंबईत वाढलेल्या माझ्या किती मित्रांनी ते बघितलंय विचारलं तर एकही नाही निघाला.

संध्याकाळी कीलच्या धक्क्यावर बसून आईला फोन केला, पणजोबांच्या बोटीचं नाव काय होतं गं? तिला माहीत नाही, आजीलाही माहीत नव्हतं म्हणे. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, एक आठवतंय, आजी सांगायची की ते चुलीवर पाणी कधी मारू द्यायचे नाहीत, आग विझवायची झाली की स्वतः खाली बसून जळकी लाकडं एकेक करून बाहेर ओढायचे.