कुलूप ओढून पाहणारा हात

आज ऑनलाइन कथालेखन कार्यशाळेत मी माझी कथा पहिल्यांदाच इतरांसमोर वाचली. मार्गदर्शकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की आजी कुलूप लावून घराबाहेर पडते तिथूनच कथा सुरू केली, तर काय हरवेल? ज्या पहिल्या परिच्छेदावर मी चार रात्री घालवल्या होत्या, तो झाकून पुन्हा वाचले, तेव्हा घराचा सगळा इतिहास कुलूप दोनदा ओढून पाहणाऱ्या त्या हातातच आलेला आहे, हे मला स्वच्छ दिसले. निवेदन आजीच्या नजरेतून चालले असताना मी मध्येच सुनेच्या मनात शिरले होते, हेही त्यांनी दाखवले. परिच्छेद आत्ताच खोडला. मन हळहळले, पण कथा मोकळी झाली. सुनेचे मौन आजीच्या नजरेतून कसे दाखवावे, यावर उद्या बसणार आहे.