घोडं नेमकं कुठे पेंड खातंय

मी कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम करते, बरीच वर्षं झाली आता, आणि माझ्या टेबलावर जास्त करून गेमिंगच्याच मशीन येतात. परवाची केस मात्र लिहूनच काढावी असं वाटलं.

सकाळी सकाळीच एक पोरगा आला, दोन्ही हातांनी टॉवर पोटाशी धरलेला आणि पाठीवरच्या सॅकमध्ये जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणारा पार्ट. टॉवर टेबलावर ठेवला आणि पहिलंच वाक्य, "ताई, नवीन कार्ड खराब आलंय. तुम्ही फक्त तेवढं बघून सांगा, परत करायचा आज शेवटचा दिवस आहे."

म्हटलं खराब म्हणजे काय होतंय, स्क्रीनवर रेघा येतात, मशीन बंद पडते, काय? तर म्हणाला तसलं काहीच नाही, पण एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, वाढलेच नाहीत. त्याच्या गेममध्ये एक शहर आहे, त्यातल्या बाजारात जुन्या कार्डवर ६८ यायचे आणि नवीन कार्डवर येतात ७१. नवीन कार्ड जुन्याच्या दुप्पट ताकदीचं, वर्षभर पैसे साठवून घेतलेलं, आणि हाती काय लागलं तर ३ फ्रेम. एक मित्र म्हणतो कार्ड बदलून घे, दुसरा म्हणतो तुझा प्रोसेसर जुना झालाय तो बदल. सांगताना पोराचा आवाज जड झाला होता, मला खरंच वाईट वाटलं.

मशीन तशी चांगली होती. सहा कोअर बारा थ्रेडचा रायझन प्रोसेसर (म्हणजे एकावेळी बारा कामं चालवणारा), १६ जीबी रॅम दोन स्टिकमध्ये, मॉनिटर १४४० पी १६५ हर्ट्झचा. आधी साध्या गोष्टी बघून घेतल्या. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही ना लागलीय (कार्डलाच होती), व्ही सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) बंद आहे ना, गेममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये कुठे एफपीएसला लिमिट लावलेलं नाही ना. हे आधी बघायचं कारण लिमिट चालू असेल तर कार्ड पण निवांत आणि प्रोसेसर पण निवांत दिसतो, मग माणूस दिवसभर चोर शोधत बसतो आणि चोरी झालेलीच नसते.

मग त्याला म्हटलं गेम लाव, आणि एकच जागा ठरवू. पुलावरून सुरू करायचं, बाजारातून चालत जायचं, देवळाच्या पायऱ्यांपाशी थांबायचं. बरोबर १ मिनिट लागतं. प्रत्येक टेस्टला हेच, तेही तीन तीन वेळा. टेस्टची जागा बदलली की आकड्यांना काही अर्थ राहत नाही, यावर माझा फार कटाक्ष आहे.

पहिल्या फेरीत ७१ च आले. कोपऱ्यात आकडे लावले होते त्यात कार्डचा वापर ५३ टक्के आणि प्रोसेसरचा ३६. पोरगा लगेच म्हणाला, "बघा ना ताई, प्रोसेसर फक्त ३६ टक्के चालतोय, म्हणजे तो अडवत नाहीये. कार्डच कामचुकार आहे."

हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता यावर शांतपणे बसून समजावते. टक्का हा बाराही थ्रेडचा मिळून असतो. बारापैकी एकच थ्रेड जीव तोडून पळत असेल आणि बाकी अकरा रिकामे असतील तर एकूण आकडा येतो साधारण ८ टक्के. आणि गेममध्ये बहुतेक वेळा एक मुख्य थ्रेड असतो, कोण कुठे उभंय, कोण कुणाला धडकलं, पुढच्या फ्रेममध्ये काय काय काढायचं ही यादी त्याच्याकडून पुढे जाते. तो दमला की सगळं खोळंबतं, बाकीचे थ्रेड कितीही मोकळे असू देत. वर विंडोज हा थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्या कोअरवर हलवत राहते त्यामुळे एकेका कोअरचे आलेख उघडून बघितले तरी कुठला एक सलग १०० ला चिकटलेला दिसेलच असं नाही. म्हणून मी प्रोसेसरच्या टक्क्यावर विसंबतच नाही, कार्डच्या बघते. लिमिट नसताना कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्डच अडवतंय. ५३ वर असेल तर त्याला काम मिळत नाहीये, एवढं नक्की.

गवंडी आणि विटा देणारा असं समजा. गवंडी कितीही झपाट्याने रचणारा आणला तरी विटा ज्या वेगाने हातात येतात त्याच वेगाने भिंत वाढणार ना. इथे गवंडी नवा आला होता आणि अर्धा वेळ हात बांधून उभा होता.

पण नुसतं सांगून पटत नाही, म्हणून रिझोल्यूशनची टेस्ट केली. १४४० पी म्हणजे एका फ्रेममध्ये सुमारे ३७ लाख पिक्सेल. ते ७२० पी वर आणलं, म्हणजे ९ लाखांच्या आसपास, कार्डचं काम पाव झालं. प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं कारण बाजारातली माणसं कमी होत नाहीत, फक्त धूसर दिसतात. कार्ड अडवत असतं तर एफपीएस धाडकन वर गेले असते. आले ७२. पोरगा स्क्रीनकडे बघतच राहिला, सगळं चित्र दाणेदार झालेलं आणि आकडा जागचा हलला नाही.

शेवटची खात्री प्रेझेंटमॉनवर केली. इंटेलचं टूल आहे, २०२३ पासून त्यात जीपीयू बिझी नावाचा आकडा मिळतो, एका फ्रेमसाठी कार्ड खरोखर किती मिलिसेकंद कामात होतं तो. परत १४४० पी वर आणून बघितलं तर फ्रेमला एकूण १४ मिलिसेकंद लागत होते आणि त्यातले कार्ड कामात फक्त ७.४. म्हणजे कार्डला कुणी वेळेवर काम दिलं असतं तर ते १३५ पर्यंत गेलं असतं. मग त्याला शहराबाहेर माळरानावर न्यायला सांगितलं, तिथे माणसं नाहीत, नुसतं गवत आणि डोंगर. कार्ड ९८ टक्के, एफपीएस ११८. त्याच मशीनमध्ये, त्याच गेममध्ये, दोन मिनिटांच्या अंतरावर अडवणारा बदलला. दोन पार्टची नावं टाकली की बॉटलनेक, म्हणजे एक पार्ट दुसऱ्याला अडवणं, किती टक्के ते सांगणारे कॅल्क्युलेटर असतात ना, त्यांच्यावर माझा राग आहे तो यासाठीच, कुठला गेम, कुठला सीन, कुठलं रिझोल्यूशन यातलं काही धड न बघता टक्का देतात आणि लोक त्यावर खरेदी करतात.

तर कार्ड चांगलं आहे हे ठरलं. पोराला सांगितलं, त्याचा जीव थोडा भांड्यात पडला पण लगेच विचारलं, "म्हणजे प्रोसेसर बदलायचा?" आणि खरं सांगते, माझ्या तोंडून हो निघणारच होतं. चिठ्ठीवर प्रोसेसर लिहून पण झालं होतं.

हात थांबला तो एका सवयीमुळे. पार्ट अडवतोय हे कळलं की लगेच बदला म्हणायचं नाही, आधी तो पार्ट त्याच्या पूर्ण दमाने चालतोय का ते बघायचं. प्रोसेसरचा क्लॉक म्हणजे वेग बघितला, ४ गिगाहर्ट्झच्या वर व्यवस्थित होता. तापमान ७२, काही तक्रार नाही. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं आणि तिथे स्पीड दिसला २१३३.

साइडचं काचेचं झाकण काढून टॉर्च मारला. स्टिकवरच्या लेबलवर स्पष्ट लिहिलेलं, ३६००.

"तू मध्ये बायोसमध्ये काही केलंस का?"

"नवीन कार्ड घालायच्या आदल्या रात्री बायोस अपडेट केला होता ताई. म्हटलं नवीन कार्डला काही प्रॉब्लेम नको."

झालं, कोडं सुटलं. बायोस म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, ते अपडेट केलं की बहुतेक वेळा सगळी सेटिंग मूळपदावर जातात, त्यात एक्सएमपी (मेमरी लेबलवरच्या स्पीडने चालवणारं सेटिंग) पण बंद होतं आणि डीडीआर ४ मेमरी २१३३ सारख्या सगळ्यात सुरक्षित स्पीडवर येऊन बसते. मशीन चालू होते, कुठे एरर नाही, काही नाही. फक्त प्रोसेसरला हवी ती माहिती कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या साठ्यात, सापडली नाही की मेमरीकडून यायची वाट बघत बसावं लागतं. आणि ही वाट बघणं पण टास्क मॅनेजरमध्ये कामातच मोजलं जातं, त्यामुळे बाहेरून कळायला मार्गच नाही. रायझनमध्ये तर आतले भाग ज्या रस्त्याने एकमेकांशी बोलतात, त्या इन्फिनिटी फॅब्रिकचा वेग पण साधारणपणे मेमरीच्या वेगाशी बांधलेला असतो, म्हणजे मेमरी मंदावली की तो रस्ता पण मंदावला.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं, सेव्ह केलं. मेमरी नवीन स्पीडला जुळवून घेताना स्क्रीन काळीच राहते थोडा वेळ, पोरगा घाबरून माझ्याकडे बघायला लागला, म्हटलं थांब, हे असंच असतं. मशीन चालू झाली. पूल, बाजार, पायऱ्या.

८४.

आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा एफपीएस), जो ४१ होता, तो ५८ वर आला. सरासरीपेक्षा हा आकडा मला जवळचा वाटतो कारण चालताना मध्येच जे हिसके बसतात ते यात दिसतात, सरासरीत ते लपून जातात. पोरगा स्वतःच म्हणाला, "आता अडखळत नाहीये."

मला वाटलं आता खूश होऊन निघेल, पण त्याने जो प्रश्न विचारला तो ऐकून मला फार बरं वाटलं. "पण ताई, जुन्या कार्डवर ६८ यायचे तेव्हा तर मेमरी ३६०० वरच होती. मग तेव्हा पण ८४ यायला पाहिजे होते ना?"

म्हटलं काढ तुझं जुनं कार्ड सॅकमधून.

पुढचा पाऊण तास त्यातच गेला आणि मला तो अजिबात वाया गेला असं वाटत नाही. जुनं कार्ड बसवलं, मेमरी ३६००, १४४० पी: ६८ आले, कार्ड ९९ टक्के. मेमरी मुद्दाम २१३३ वर आणली: ६७, कार्ड तरी ९८ टक्के. म्हणजे जुनं कार्ड असताना मेमरीचा वेग निम्म्याच्या जवळ आणला तरी फरक कळला नसता, कारण अडवणारा दुसराच होता. आता तिथेच, जुन्याच कार्डवर, रिझोल्यूशन ७२० पी केलं. २१३३ वर आले ७० आणि ३६०० वर ८३. पोराने पटकन वहीत बघितलं, नवीन कार्डचे आकडे ७२ आणि ८४. कार्ड दुप्पट ताकदीचं झालं तरी प्रोसेसरची मर्यादा तिथल्या तिथेच होती, फक्त जुनं कार्ड तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

म्हणजे ६८ आणि ७१ हे दोन आकडे शेजारीशेजारी दिसत होते पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. ६८ ला कार्डने अडवलं होतं आणि ७१ ला मंदावलेल्या मेमरीने प्रोसेसरला. एक अडथळा काढला त्याच आठवड्यात नकळत दुसरा उभा राहिला आणि तो नेमका पहिल्याच्या जागेवर येऊन बसला, मग माणसाला वाटणारच ना की काहीच बदललं नाही. इतकी वर्षं काम करतेय पण दोन वेगळे दोष इतके तंतोतंत एकसारखे दिसलेले मी पहिल्यांदाच बघितले.

नवीन कार्ड परत बसवलं. ८४ वर पण कार्ड ६२ टक्क्यांवरच होतं, म्हणजे बाजारात अजून प्रोसेसरच अडवतोय. प्रोसेसर बदलायच्या आधी सेटिंगमध्ये काय करता येतं ते दाखवलं. सगळी सेटिंग सरसकट लो करायची सवय असते मुलांना, पण शॅडो, टेक्स्चर, अँटी अलायझिंग कमी करून इथे उपयोग नाही, तो भार बराचसा कार्डचा. डीएलएसएसचं अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) लावून पण बाजारात काही मिळणार नाही, तेही आतून रिझोल्यूशनच कमी करतं आणि ते आपण ७२० पी वर बघून झालेलं. प्रोसेसरचा भार म्हणजे गर्दी किती, लांबचं किती दिसावं, फिजिक्स. गर्दी सगळ्यात वरच्या पायरीवरून मधल्या पायरीवर आणली: १०२. कार्ड ७४ टक्के. आता कार्डकडे जो वेळ उरला होता तो खर्च करायला रिफ्लेक्शन आणि सावल्यांचा दर्जा एकेक पायरी वाढवत गेलो, दर वेळी पूल ते पायऱ्या चालत. कार्ड ९५ टक्क्यांवर आलं तेव्हा एफपीएस होते १०१. बाजारातल्या ओल्या फरसबंदीवर दिव्यांची प्रतिबिंबं दिसायला लागली आणि एफपीएसमध्ये गेली फक्त १ फ्रेम.

त्याने देवळाच्या पायऱ्यांवर कॅरेक्टर तसंच उभं ठेवलं आणि आकड्यांचा फोटो काढला. चिठ्ठीवरचं प्रोसेसर मी खोडलं आणि खाली लिहिलं, बायोस अपडेट केलास की मेमरीचा स्पीड बघ.

टॉवर उचलायच्या आधी त्याने सॅकमधून नवीन कार्डचं रिकामं खोकं काढलं, परत करायला म्हणून बिलासकट आणलं होतं. बिल खिशात ठेवलं आणि खोक्यात जुनं कार्ड नीट फोममध्ये बसवून झाकण लावलं.