समोर बसून ऐकणारा नट

आज फोंड्याला तालमीला निघण्याआधी 2008 च्या ‘हंगर’ या चित्रपटातला तो प्रसंग पुन्हा पाहिला. तुरुंगात उपोषणाला बसायला निघालेला आयरिश बंडखोर बॉबी सँड्स, समोर पाद्री, मध्ये टेबल. सुमारे 17 मिनिटं कॅमेरा जागचा हलत नाही. सँड्स झालेल्या मायकेल फासबेंडरचं कौतुक होतं ते रास्तच, पण माझी नजर पाद्री झालेल्या लियम कनिंगहॅमवरून हटेना. आधी थट्टामस्करी, मग वाद, आणि हळूहळू कळत जाणं की हा पोरगा आता ऐकणार नाही. शूटिंगआधी दोघं एकाच घरात राहून हा प्रसंग घोकत होते म्हणे!

कनिंगहॅम हा डब्लिनचा माणूस आधी इलेक्ट्रिशियन होता. पुढे 2012 पासून शेवटपर्यंत ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतला दावोस. ड्रॅगन आणि राजांच्या त्या गर्दीत, छोट्या राजकन्या शिरीनकडून अक्षरं शिकणारा दावोस मला सगळ्यांत खरा वाटतो.

आमच्या देवळाच्या उत्सवी नाटकातही प्रधान, दूत, सेनापती वर्षानुवर्षं ठरलेली माणसंच करतात. आज नायकाच्या लांबलचक भाषणात आमच्या प्रधानकाकांनी नुसती मान वर केली आणि प्रसंग उभा राहिला. हँडबिलावर त्यांचं नाव नेहमी तळाशी असतं. यंदा ते वर घ्या, असं मंडळाला सांगितलंय. पुन्हा सांगणार आहे.