चुन्याचं घर आणि सिमेंटवाले सल्लागार

ठाण्याच्या चरईतलं आमचं घर विकून मोकळे व्हा म्हणणारे परवडले, पण "सिमेंट मारून टाका, टेन्शन संपलं" म्हणणारे डोक्यात जातात.

पणजोबा कोकणातून रेल्वेच्या नोकरीसाठी ठाण्यात आले आणि त्यांनी हे घर बांधलं, एवढं नक्की. काका मात्र पाहुण्यांना १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीपासूनच सुरुवात करतात आणि पुरावा म्हणून कौल दाखवतात, त्यावर १८६५ असं उठवलेलं आहे. आता हे साल मंगळूरच्या बासेल मिशनचा कारखाना सुरू झाला त्याचं, पुढे कितीतरी वर्षं कौलांवर तोच शिक्का मारत होते, त्यामुळे घर त्यानंतरचं कधीचंही असू शकतं. पण काकांना कोण सांगणार!

तर भिंती विटांच्या, गिलावा चुन्याचा. मागच्या पडवीच्या भिंतीला मध्ये कुणीतरी कमरेएवढं सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, कारण ओल येत होती. ओल जमिनीतून जोत्यात आणि तिथून विटांत चढते, चुना ती बाहेर सोडतो, सिमेंट तेवढं सोडत नाही, मग ती आत कोंडून वर सरकते. आमच्याकडे बरोब्बर सिमेंट संपतं तिथून वरती पांढरं मीठ फुटलं, पोपडे निघाले, आणि सिमेंट ठोकून काढलं तर मागची वीट बोटाने खरवडली तरी पावडर होत होती. भक्कम दिसणारं प्लास्टर नुसतं आपल्या जोरावर उभं होतं!

यंदा एक म्हातारे मिस्त्री मिळाले. त्यांनी कळीचा चुना भिजवून मुरत ठेवला, त्यात वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी, शिवाय गूळ आणि हिरड्याचं पाणी. पातळ पातळ थर द्यायचे, ओली गोणपाटं लावून ठेवायची, आणि घाई केली की तडे. मिस्त्रींचं पेमेंट ऐकून घरात दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही ते सोडा.

खरं तर जुनं घर टिकतं ते छपरावर. दर मे महिन्यात शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलायची, वासे-रिपा ठोकून बघायच्या. एक कौल सरकलं की पाणी थेट वाशात जातं, लाकूड मऊ झालं की वाळवी आलीच, नि मग सगळे म्हणतात घर जुनं झालं.

ओटीचा एक खांब खालून खाल्लाय. अख्खा बदलायची गरज नाही, सडलेला तुकडा कापून तिथे जुन्या सागाचा जोड द्यायचा आणि खाली दगड, तो दिवाळीनंतर. तोवर हिश्श्यावरून मीटिंग आहेच. चुलतभाऊ म्हणतो टॉवर झाला तर सगळ्यांना पार्किंग मिळेल, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आमच्या गल्लीत स्कूटर लावायचीसुद्धा मारामार आहे.