काटक झाडांची यादी

पत्र चार ओळींचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या कडुनिंबांपैकी बरेच वाळले आहेत. त्यांच्या जागी लावायला 'कमी पाण्यावर जगणाऱ्या, काटक आणि देखभाल न लागणाऱ्या' झाडांची यादी द्यावी. यादी बसल्या जागी लिहून देता आली असती. पण कडुनिंब वाळला, हे काही मला पटेना. मुरमाड माळावर, कुणी पाणी घालत नसताना उभं राहणारं झाड ते. तेच टिकलं नसेल तर त्याच्या जागी दुसरं नाव लिहून काय साधणार? मी उलट कळवलं, की मेलेली झाडं बुंध्यातून कापू नका. मी आल्यावर मुळासकट काढू.

बाहेरच्या माणसाला वाटतं, झाडांची पाहणी म्हणजे वर बघत फिरायचं. आमची पाहणी जमिनीपासून सुरू होते. नखाने साल खरवडून खाली हिरवं आहे का बघायचं, खोड जमिनीत शिरताना किंचित पसरतं ती कड दिसते की मातीत गाडली गेलीय ते बघायचं, आळ्यात बोट खुपसायचं. पानं सगळ्यात शेवटी. पान पिवळं पडण्याची कारणं इतकी असतात की नुसत्या पानावरून निदान करणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

रस्ता सरळ, नवा, रुंद. पूर्वेकडच्या पदपथावरची जवळजवळ सगळी झाडं गेलेली. पश्चिमेकडची बहुतेक जिवंत, काही तर माझ्या डोक्याच्या वर गेलेली. एकच रोपवाटिका, एकच ठेकेदार, लागवडही एकाच पावसाळ्यातली. कनिष्ठ अभियंत्याने कारण तयार ठेवलं होतं: पूर्वेच्या बाजूला दुपारचं ऊन थेट लागतं आणि ठेकेदाराने पाणी घातलेलं नाही. ठेकेदाराचा माणूस टँकरच्या नोंदींची वही घेऊन आला होता. पाऊस उघडला की एक दिवसाआड टँकर, अशा ओळीने नोंदी. त्या वहीवर तिथे कुणाचाच विश्वास नव्हता.

मुकादमांना मी पहिलं झाड उपटायला सांगितलं. कुदळ लागलीच नाही. दोन हातांनी धरून हलवलं आणि ते सरळ वर आलं, हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट. रोपवाटिकेतल्या पिशवीचा आकार हुंडीला जसाच्या तसा. त्या आकाराबाहेर एकही मूळ गेलेलं नव्हतं. माती झाडली तर मुळं काळी, चिमटीत धरून ओढली की साल मोज्यासारखी सुटून हातात यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. वास गटाराच्या गाळासारखा. तहानेने मेलेलं मूळ असं नसतं. ते कडक होतं, कटकन मोडतं, त्याला वास नसतो. हे मूळ बुडून मेलं होतं.

पुढचं झाड तसंच. त्याच्या पुढचंही. एका ठिकाणी खोड वीतभर जास्त खोल गाडलेलं आणि मातीखालची साल कुजलेली. हा अपराध मी जवळपास प्रत्येक शहरी लागवडीत बघते, कारण खोल गाडलेलं रोप काठीशिवाय उभं राहतं आणि काठीचे पैसे वाचतात.

मग खड्डा बघितला. वरची फूटभर लाल माती काढल्यावर खाली राडारोडा: विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या आणि त्यावर ओतून दिलेलं, घट्ट झालेलं सिमेंटचं पाणी. बाजूच्या भिंती पहारीलाही दाद देईनात. त्यात मात्र कुणाची कुचराई नव्हती. पदपथाखालचा भराव रोलरने दाबूनच घ्यावा लागतो, प्रयोगशाळेत मिळते त्या कमाल घनतेच्या 95 टक्क्यांपर्यंत. नाहीतर फरशा खचतात आणि माणसं पडतात. अभियंत्याने काम चोख केलं होतं आणि त्याला त्याचा अभिमानही होता. पण इतक्या दाबलेल्या मातीत हवेला जागाच उरत नाही. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. खड्डा चौफेर बंद, तळही बंद. पाणी जाणार कुठे?

मी त्यात दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं आणि आम्ही समोरच्या बाजूला गेलो. परत आलो तेव्हा पाणी तसंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमांनी फोटो पाठवला. त्या फोटोतही तळाशी पाणी चमकत होतं. म्हणजे वही खरी होती. ठेकेदाराने खरंच टँकर घातले होते, नेमाने घातले होते, आणि त्यातल्या प्रत्येक टँकरने कडुनिंब बुडवला होता. कोरड्या जमिनीवरचं झाड ते, पाणी साचलेलं त्याला मुळीच चालत नाही.

हे सगळं समजल्यावर पूर्वेची बाजू मला कोडं वाटेनाशी झाली. पश्चिमेची वाटू लागली. तिथे वेगळं काय झालं होतं? भराव तोच, रोलर तोच, राडारोडा तोच.

जिवंत झाडाशेजारी पहार चालवायची नाही, असा माझा नियम आहे. खुरप्याने आणि हाताने माती काढत गेलो. वीतभर खोलीवरच पहिलं मूळ लागलं. जाड, पिवळसर, टोकाशी पांढरं, निरोगी. ते खड्ड्याच्या चारी बाजूंना पसरलेलं नव्हतं. एका कोपऱ्यातून बाहेर पडून पदपथाला समांतर सरळ निघून गेलं होतं. पुढच्या झाडाचंही तसंच, त्याच रेषेत. मुकादमांनी त्या रेषेवरची एक फरशी उचलली. खाली भुसभुशीत माती, वाळू, आणि त्याखाली केबलची नळी.

लागवडीच्या तोंडावर केबलवाल्यांनी पश्चिमेचा नवाकोरा पदपथ उकरला होता. तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आले होते, सगळ्यांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या. त्यांनी चर बुजवतानाही घाई केली, रोलर फिरवलाच नाही, वाळू आणि माती लोटून फरशा बसवून निघून गेले. ते चर झाडांच्या खड्ड्यांचे कोपरे कापत गेलं होतं. टँकरचं जादा पाणी त्या चरातून निचरून गेलं, मुळांना हवा मिळाली आणि वाट मिळाली. रस्त्याच्या कामात जे सगळ्यात वाईट समजलं गेलं, त्याने झाडं जगवली. अभियंता बराच वेळ त्या मुळाकडे बघत बसला. तरुण आहे, पण बघायची सवय आहे त्याला. आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळ ज्येष्ठांना नाही.

काटक झाड म्हणजे काय, याबद्दल लोकांचा मोठा घोटाळा असतो. दुष्काळात तग धरणाऱ्या झाडाची ताकद त्याच्या लांबवर पसरलेल्या मुळांत असते. ती मुळं मोकळ्या जमिनीत फांद्यांच्या घेराच्याही कितीतरी पलीकडे जातात, आणि त्यातली बहुतेक वरच्या दोन फुटांतच असतात. पिशवीतल्या रोपाकडे ती मुळं नसतातच. पहिली दोन-तीन वर्षं कडुनिंबही नाजूकच असतो. शिवाय काटकपणा एका प्रकारचा नसतो. एक झाड कोरडेपणाला काटक असतं, दुसरं खाऱ्या पाण्याला, तिसरं हवा नसलेल्या चिखलाला. शहराच्या पदपथाखाली पहिली अडचण बहुधा कोरडेपणाची नसतेच, गुदमरण्याची असते. म्हणूनच जगभर रस्त्यांवर टिकलेली पुष्कळ झाडं मूळची नदीकाठची आहेत. पुराच्या गाळात उभं राहायची सवय दाबलेल्या मातीत कामी येते. लंडनच्या रस्त्यांवरचा प्रसिद्ध प्लेन वृक्ष ज्या दोन जातींच्या संकरातून आला, त्या दोन्ही ओढ्यानदीकाठी वाढणाऱ्या.

तिथेच, पदपथाच्या कडेवर बसून, यादीवर बोलणं सुरू झालं. ठेकेदाराच्या माणसाने कोनोकार्पस सुचवला. हा सल्ला हल्ली सगळीकडून येतो. झपाट्याने वाढतो, बारमाही हिरवा, कशातही जगतो. कशातही जगतो कारण पाण्याच्या शोधात त्याची मुळं पाइपांत आणि गटारांत शिरतात. परागकणांच्या तक्रारी वेगळ्याच. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मी नाही म्हटलं आणि त्यावर पुढे चर्चा केली नाही. सप्तपर्णीलाही नाही म्हटलं, कारण ती आधीच शहरभर एवढी लावलीय, की फुलोऱ्याच्या दिवसांत अख्ख्या गल्ल्या त्या उग्र वासाने हैराण होतात. एखादं झाड काटक निघालं की तेच सगळीकडे लावायचं, ही आमच्या खात्यांची जुनी खोड. युरोप-अमेरिकेतल्या शहरांनी एल्मच्या रांगाच्या रांगा अशाच लावल्या होत्या. विसाव्या शतकात डच एल्म रोगाने त्या रांगा रिकाम्या केल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातले संशोधक फ्रँक सांतामूर यांनी 1990 मध्ये एक साधं माप सुचवलं: शहरात एका जातीची झाडं 10 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, एका प्रजातीगटाची 20 पेक्षा आणि एका कुळाची 30 पेक्षा. निविदेत 'एकसारखी झाडं' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला मला हे आकडे पाठ करायला लावायचे आहेत.

दुभाजकाचं काम सोपं होतं, आणि तिथे मला मनासारखं करता आलं. मधल्या भागात कण्हेर, कारण ती समोरच्या दिव्यांचा झोत अडवते, धुराला दाद देत नाही आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, तेव्हा जिथे मुलं खेळतात किंवा लोक बसतात तिथे ती मी कधीच लावत नाही. दुभाजकावर कुणी बसत नाही. बोगनवेल फक्त रुंद जागी, कारण तिच्या काट्यांना छाटणी लागते आणि छाटणी म्हणजेच देखभाल. तिला पाणी कमी पडलं की रंग जास्त येतो, हे मी माळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. वळणाजवळ गुडघ्याच्या वर जाणारं काहीही नको, तिथे सदाफुली. पादचारी दिसायला हवेत. चालकाला रस्ता ओलांडणारं मूल दिसत नसेल तर त्या हिरवाईचा मला काही उपयोग नाही.

अडकले ती पूर्वेच्या पदपथावर, आणि अजूनही तिथेच अडकलेय. त्या खड्ड्यांत जगतील अशी झाडं मला माहीत आहेत. करंज जगेल. तो ओढ्याकाठचा, खारं पाणी सोसणारा, कोरडंही सोसणारा. पानांवर गाठी येतात, लोक 'रोग पडला' म्हणून तक्रार करतात, झाडाला त्याचं फारसं काही वाटत नाही. ताम्हण जगेल. जागा असती तर अर्जुनही. तिन्ही पाण्याकाठची. ही नावं लिहून दिली की काम संपतं, सगळे खूश होतात आणि पुढच्या पाहणीला आकडेही चांगले येतात.

पण मग खड्डा तसाच राहतो. पुढच्या रस्त्यावरही तसाच खणला जातो, कारण करंज जगला ना! जे झाड वाईट खड्डा सोसतं, ते तो खड्डा झाकूनही टाकतं. आणि सोसणं म्हणजे वाढणं नव्हे. बंद खड्ड्यातला करंज जगेल, पण बसथांब्यावर उभ्या माणसाला सावली देण्याएवढा होईल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुळं पिशवीच्या आकारातच फिरत राहिली तर काही वर्षांनी वादळात तो आडवा होईल आणि दोष पुन्हा झाडावर येईल. उलट, खड्डे नीट केल्याशिवाय यादीच देणार नाही असं म्हणून बसले, तर कुणीतरी दुसरा कोनोकार्पस लिहून देईल. हे आधी घडलेलं मी पाहिलं आहे.

शेवटी मी दोन भागांत उत्तर दिलं. पहिल्या भागात झाडाचं एकही नाव नाही. सुटे खड्डे मोडून पूर्वेच्या बाजूने एकच सलग चर घ्यावं. तळाला निचऱ्याची नळी. चरात जाड खडी आणि तिच्या फटींत माती, म्हणजे फरशांचं वजन खडी पेलते आणि मुळं फटींतून वाढतात. अशी खडी-माती अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 1990 च्या दशकात विकसित झाली, त्यात नवखं काही राहिलेलं नाही. रोलरही चालतो, झाडही वाढतं. लागवडीच्या दिवशी पिशवीतल्या गोल फिरलेल्या मुळांना उभे काप द्यावेत, खोडाची कड मातीच्या वर ठेवावी, आणि बादलीभर पाणी रात्रभरात जिरत नसेल त्या जागी झाड लावूच नये. दुसऱ्या भागात नावं: चर झालं तर कडुनिंब चालेल, करंज, ताम्हण मिसळून, नाहीच झालं तर करंज आणि ताम्हणच, आणि तेही राडारोडा उपसल्यावर.

अभियंत्याचा फोन आला. "मॅडम, नमुन्यात झाडाचं नाव, उंची आणि संख्या एवढेच रकाने आहेत. पहिला भाग कुठे भरू?" तो कुचेष्टा करत नव्हता, त्याला खरंच भरायचा होता. मी त्याला सांगितलं, की तो रस्त्याच्या कामात धर, झाडांच्या कामात नको. पदपथाच्या दुरुस्तीचं काम तसंही येणार आहे. त्याने तसा प्रस्ताव वर पाठवला आहे.

पश्चिमेच्या बाजूचं मात्र लगेच काहीतरी करायला हवं. झाडं ज्या चरात वाढतायत ते चर केबलचं आहे. ते पुन्हा उकरलं जाणारच, आणि यंत्राने उकरलं तर एका दिवसात सगळ्या झाडांची एका बाजूची मुळं जातील. तिथे हाताने खोदावं, बोटाहून जाड मूळ तोडू नये, नळीला हात घालायचा तर मुळांखालून घालावा, असं पत्र मी लिहून ठेवलं आहे. रस्ते विभाग म्हणतो, झाडांचा विषय आहे, उद्यान विभागाने सही करावी. उद्यान विभाग म्हणतो, खोदाईचा परवाना रस्ते विभाग देतो. उद्या दोघांना एकत्र बसवायचा प्रयत्न करणार आहे, आणि सोबत त्या मुळांचे फोटो नेणार आहे.