रजनीवर चाळीस मिनिटं

२४ डिसेंबर हा ग्राहक दिन. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायद्याला त्या तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली म्हणून. आमच्या महिला मंडळात त्या दिवशी दरवर्षी कुणीतरी वकील येऊन कलमं सांगतात आणि मागच्या रांगेत मटार सोलले जातात. २०२५च्या सप्टेंबरात बैठकीत मी बोलून बसले, "त्यापेक्षा रजनीवर काहीतरी करू या ना. चाळीस वर्षं झाली दूरदर्शनवरच्या त्या मालिकेला." अध्यक्ष लगेच म्हणाल्या, "छान! मग तुम्हीच करा. चाळीस मिनिटं."

मला वाटलं, त्यात काय एवढं. १९८५ला मी पाचवीत होते. शेजारच्या काकूंकडे टीव्ही होता. रविवारी सकाळी डोक्याला तेल चोपडून आम्ही सगळी पोरं त्यांच्या घरी फरशीवर जाऊन बसायचो. रजनी झालेली प्रिया तेंडुलकर पडद्यावर आली की काकू गॅस बारीक करून पदराला हात पुसत बाहेर यायच्या. एका संध्याकाळी सहा पानं खरडली आणि सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, हे सगळं तुमच्या चाळीचं झालं. तिचं काय?"

खरंच, प्रियाबद्दल एक वाक्यसुद्धा नव्हतं त्यात. विजय तेंडुलकरांची मुलगी, एवढंच मला ठाऊक होतं.

मग इंटरनेट धुंडाळलं. जुने भाग मिळाले ते पावसातून बघितल्यासारखे. खरं सांगते, आज बघताना रजनी जरा शिकवणी घेतल्यासारखी वाटते. पण तेव्हा बहुतेक घरांत दूरदर्शनशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं, आणि त्या सरकारी पडद्यावर बासू चटर्जींनी एक साधी गृहिणी उभी केली होती, जी गॅस सिलिंडरवाल्याला जाब विचारते. टॅक्सीवाल्यांवरचा भाग लागला तेव्हा मुंबईतले टॅक्सीचालक चिडून निषेधाला उतरले होते. मालिकेवर मोर्चा! आणि हे सगळं ग्राहक कायदा व्हायच्या आधी. माझ्या भाषणाचा कणा मला इथं सापडला.

प्रियाबद्दलचं बाकीचं मात्र तुकड्यातुकड्यांनी हाती आलं. १९७४च्या श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये अनंत नागची नवी नवरी आहे ना, ती हीच. मी तो चित्रपट दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा मला ती ओळखू आली नव्हती. मराठी चित्रपट केले. शंकर नागच्या 'मिंचिना ओटा' या १९८०च्या कन्नड चित्रपटातही ती आहे. त्याआधी हॉटेलात रिसेप्शनिस्ट, हवाई सुंदरी, बातम्या वाचणं, मॉडेलिंग. म्हणजे रजनी एकदम आकाशातून पडली नव्हती.

सगळ्यात जास्त वेळ गेला वाचनालयात. काउंटरवरच्या काकांना म्हटलं, तेंडुलकरांची पुस्तकं हवीत. ते नाटकांच्या कपाटाकडे वळले. "विजय नाही, प्रिया." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "प्रियाचं कुणी मागत नाही हो." खालच्या कप्प्यातून 'ज्याचा त्याचा प्रश्न' निघालं. पानं चहाच्या रंगाची, मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २०११चा. 'पंचतारांकित' यादीत होतं, कपाटात नव्हतं.

घरी येताना रिक्षात ते नाव पुन्हा वाचलं आणि हसूच आलं. रजनी म्हणजे दुसऱ्याचा प्रश्न आपला करणारी बाई. तिच्या भूमिकेनं घराघरात पोचलेली लेखिका कथासंग्रहाला नाव काय देते, तर 'ज्याचा त्याचा प्रश्न'. भाषणाची सुरुवात इथूनच करायची, असं तिथल्या तिथं ठरवलं.

पहिली तालीम एक तास दहा मिनिटं चालली. सासूबाई घड्याळ घेऊन समोर. मी चित्रपटांची यादी कापली, बक्षीस समारंभात वाचतात तसलं सगळं कापलं. अडकले ते शेवटाशी. २००१मध्ये तिची आई आणि भाऊ गेले. पुढच्या वर्षी, १९ सप्टेंबर २००२ला, कॅन्सरशी झगडत असलेली प्रिया हृदयविकारानं गेली. वय ४७. वडील त्यानंतर २००८पर्यंत होते. हे कसं सांगायचं? आधी अर्धं पान लिहिलं होतं, ते नाटकी वाटायला लागलं. शेवटी तारीख, वय आणि वडील मागे उरले हे एक वाक्य, एवढंच ठेवलं. तालमीत तरीही दर वेळी माझा आवाज तिथंच फुटायचा.

प्रत्यक्ष दिवशी लॅपटॉपची वायर प्रोजेक्टरला बसेना. पंधरा मिनिटं तीन मुलगे टेबलाखाली. मागं मटार सुरू झालेच होते. मी घरून एक रिकामी फोटोची चौकट आणली होती, ती शेवटी वापरायची होती. म्हटलं, आताच काढू. चौकटीत तोंड घातलं आणि विचारलं, "मी कोण?" दुसऱ्या रांगेतल्या सुना एका सुरात ओरडल्या, "हम पाँच!" १९९५च्या त्या मालिकेत अशोक सराफची दिवंगत पहिली बायको भिंतीवरच्या फोटोतून बोलायची, ती प्रियाच. सासवांना रजनी आठवत होती, सुनांना चौकट. ही एकच बाई, हे दोन्हीकडे नवं होतं. मग वायरची गरजच उरली नाही. आवाज त्या दिवशी फुटला नाही, कारण तिथं पोचले तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते. त्रेचाळीस मिनिटं.

पुस्तकाची मुदत १५ तारखेलाच संपलेली. २६ला परत करायला गेले तेव्हा मंडळातल्या दोघी बरोबर आल्या, कुणी आधी न्यायचं यावर वाटेतच वाजलं होतं. काका म्हणाले, "अकरा दिवस. अकरा रुपये." दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या, आता ही रजनी होते की काय म्हणून. दंडाची पाटी काकांच्या डोक्यावरच टांगलेली होती. मी मुकाट्यानं पर्स उघडली.